केसांच्या जागी चट्टे : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

पाऊस ओसरू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कुत्र्यांच्या कातडीच्या तक्रारी वाढतात. या खेपेस रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांपैकी केवळ केस गळण्याविषयीची पत्रे निवडली आहेत. बहुतेकांनी चट्ट्याचा रंग आणि आकार तपशिलाने कळवला आहे, परंतु कुत्रा खाजवतो की नाही, हे फार थोड्यांनी लिहिले आहे. आधी खाज सुटली की आधी केस गेले, चट्टे अंगाच्या कोणत्या भागावर आहेत आणि घरात आणखी कोणाला त्रास होतो आहे का, या तीन गोष्टी कळल्या तर निदानाचे निम्मे काम होते. चट्ट्याच्या नुसत्या वर्णनावरून ते होत नाही.

प्रश्न : आमचे गावठी पिल्लू पाच महिन्यांचे आहे. त्याच्या डोळ्यांभोवतीचे आणि पुढच्या पायांवरचे केस जाऊन रुपयाएवढे चट्टे पडले आहेत. ते खाजवत नाही, जेवते-खेळते. शेजारी म्हणतात की ही लूत आहे, गॅरेजमधले जळके ऑइल आणि गंधक चोळा. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की पिल्लाला बाहेर ठेवा, मुलांना लागेल. काय करावे? — एक वाचक, देवगड

उत्तर : प्रथम मुलांविषयी. आपण दिलेले वर्णन, म्हणजे कोवळे वय, डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर मोजके चट्टे, खाज नाही आणि पिल्लू एरवी खुशीत, हे डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किडीमुळे होणाऱ्या लुतीशी जुळते. ही लूत कुत्र्याकडून माणसाला लागत नाही आणि एका धडधाकट कुत्र्याकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही. डेमोडेक्स केसांच्या मुळाशी राहतो आणि जवळजवळ प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या अंगावर तो थोड्या प्रमाणात असतोच. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध पिताना तो आईच्या अंगावरून त्याच्याकडे येतो. पिल्लाची प्रतिकारशक्ती पक्की होईपर्यंत काही पिल्लांत त्याची संख्या बेसुमार वाढते आणि त्या जागचे केस गळतात. तेव्हा याच कारणासाठी पिल्लाला पडवीबाहेर पावसात बांधण्याची गरज नाही; उलट तसे केल्याने त्याची प्रकृती खालावून लूत वाढण्याचीच भीती आहे.

अर्थात पत्रावरून केलेला हा केवळ तर्क आहे. खात्री करण्यासाठी पशुवैद्यक चट्ट्याची कातडी चिमटीत दाबून, किंचित रक्त दिसेपर्यंत पात्याने खरवडतात आणि तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डोळ्याजवळ किंवा पंजावर खरवडणे अवघड असेल तर तिथले थोडे केस मुळापासून उपटून तपासतात. तपासणी काही मिनिटांची आहे आणि तीसाठी फार मोठी साधने लागत नाहीत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असेल तर तेथेही ती होऊ शकते. मात्र जाण्यापूर्वी चौकशी करावी, कारण असे दवाखाने मुख्यतः गुराढोरांच्या कामात गुंतलेले असतात. जाण्याआधी काही दिवस चट्ट्यांवर तेल किंवा मलम लावू नये.

चट्टे मोजकेच असतील तर बहुतेक पिल्लांत सहा ते आठ आठवड्यांत ते औषधाविना भरून येतात. या काळात जंतांचे औषध वेळेवर द्यावे आणि नुसत्या पेजभातावर न ठेवता अंडे, काटे काढलेले उकडलेले मासे किंवा कोंबडीचे मांस खायला घालावे. स्टेरॉइड असलेले मलम अथवा इंजेक्शन या अवस्थेत मुळीच नको, कारण त्याने प्रतिकारशक्ती आणखी दबते. चट्टे वाढत गेले, पंजे सुजले, पुटकुळ्या आणि वास येऊ लागला, तर मात्र ती पसरलेली लूत समजावी आणि थांबू नये. पूर्वी अशा कुत्र्यांना अमिट्राझच्या द्रावणाने वारंवार आंघोळ घालावी लागे. आता फ्ल्युरॅलॅनर, ॲफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर या वर्गातील गोळ्यांनी तेच काम बरेच सोपे झाले आहे. वय आणि वजन पाहून ती डॉक्टरांनीच द्यावी, आणि पिल्लाला पूर्वी कधी फिट आली असेल तर ते आवर्जून सांगावे. केस आले म्हणून उपचार थांबवू नयेत. एका महिन्याच्या अंतराने घेतलेले दोन नमुने किडीपासून मुक्त निघाले, म्हणजे उपचार पुरे झाले असे मानतात. अशी पसरलेली लूत होऊन गेलेल्या कुत्र्यापासून पुढे पिल्ले घेऊ नयेत, कारण ही प्रवृत्ती पुढच्या पिढीत उतरते.

आता जळक्या ऑइलविषयी. हा उपाय कोकणात इतका रुजला आहे की डॉक्टरकडे आणलेल्या कुत्र्यांपैकी काहींच्या अंगावर आजाराचे चट्टे कोणते आणि ऑइलने भाजल्याचे कोणते, हे ओळखणे कठीण होते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये धातूंचे अंश आणि जळलेली रसायने असतात. ती कातडीतून शोषली जातात आणि त्याहून अधिक कुत्रा अंग चाटतो तेव्हा पोटात जातात. उलटी होऊन ऑइल फुप्फुसात गेले तर पिल्लू दगावू शकते. गंधकाचा लुतीवर खरोखर उपयोग होतो आणि चुना-गंधकाचे पातळ द्रावण पशुवैद्यकात आजही वापरतात, परंतु त्याचे प्रमाण ठरलेले असते. शेजाऱ्यांच्या सल्ल्यातले गंधक समजण्यासारखे आहे, ऑइल नाही.

प्रश्न : बंदरावर सापडलेली कुत्री आम्ही घरी आणली. महिनाभरात तिने खाजवून खाजवून कानांच्या कडा, कोपरे आणि पोट उघडे केले आहे. रात्रभर झोपत नाही. आता माझ्या आईच्या कमरेला आणि माझ्या हातांवर लाल पुटकुळ्या आल्या आहेत. डॉक्टरांनी खरवडून तपासले, त्यात काही सापडले नाही. मग ही ॲलर्जी समजावी काय? — एक वाचक, हर्णै

उत्तर : आपल्या पत्रातील पुटकुळ्यांची नोंद नमुन्याच्या निकालापेक्षा अधिक बोलकी आहे. कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचे घोटे आणि पोट ही सारकॉप्टेस या किडीची ठरलेली ठिकाणे आहेत. ही खरी सांसर्गिक लूत होय. डेमोडेक्स केसाच्या मुळाशी राहतो, तर सारकॉप्टेसची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदे पाडून अंडी घालते. त्यामुळे सुटणारी खाज इतकी असह्य असते की कुत्रे खाणे अर्धवट टाकून खाजवत बसते. अशा कुत्र्यांच्या अंगावर किडींची संख्या कित्येकदा फारच थोडी असते आणि म्हणून निम्म्याहून अधिक वेळा खरवडलेल्या नमुन्यात त्या सापडत नाहीत. नमुन्यात काही निघाले नाही, एवढ्यावरून लूत नाही असे म्हणता येत नाही.

दवाखान्यात करण्यासारखी एक साधी चाचणी आहे. कानाची कड दुमडून ती कानावरच हलकेच घासली असता कुत्र्याचा त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर या लुतीचा संशय बळावतो. संशय पुरेसा असेल तर प्रत्यक्ष किडीची वाट न पाहता लुतीचे उपचार देऊन परिणाम पाहणे ही मान्य पद्धत आहे, आणि आपल्या बाबतीत तेच करणे मला योग्य वाटते. वर उल्लेखिलेल्या वर्गातील गोळ्या किंवा मानेवर सोडायचे सेलामेक्टिन यावर चांगले काम करतात. उपचार सुरू झाल्यावर पहिले काही दिवस खाज कमी न होता वाढल्यासारखी वाटते. म्हणून औषध लागू पडत नाही असे समजू नये. खाजवून झालेल्या जखमांत जंतुसंसर्ग असेल तर त्याचे उपचार वेगळे द्यावे लागतात.

घरात दुसरे कुत्रे असेल तर ते खाजवत नसले तरी त्यालाही त्याच वेळी औषध हवे, नाहीतर लूत एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. ही कीड कुत्र्याच्या अंगाबाहेर काही दिवस जगू शकते आणि आपल्याकडील दमट हवा तिला मानवते. कुत्रीच्या अंथरुणाची गोणपाटे जाळून टाकणे सर्वांत सोपे. चादरी असतील तर कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. तिला रात्री मोकळी सोडू नये. बंदरावरची कुत्री आणि किनाऱ्यालगतच्या रानात वावरणारे कोल्हे यांनाही ही लूत होते आणि बरी झालेली कुत्री त्यांच्याकडून ती पुन्हा घेऊन येऊ शकते.

आपल्या दोघांच्या पुटकुळ्यांबाबत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना घरातील कुत्रीला लूत असल्याचा संशय आहे, हे अवश्य सांगावे. कुत्र्याची ही कीड माणसाला चावते, परंतु माणसाच्या अंगावर तिची पिढी वाढत नाही. त्यामुळे कुत्री बरी झाली की काही आठवड्यांत हा त्रास आपोआप शमतो. बोटांच्या बेचक्यांत खाज असेल आणि ती लांबली, तर मात्र ती माणसाची स्वतंत्र खरूज असू शकते आणि तिचे उपचार वेगळे आहेत.

एक सूचना अधिक. गुरांसाठी आणलेल्या आयव्हरमेक्टिनच्या बाटलीतून अंदाजाने थेंब देण्याची प्रथा गावोगाव आहे. कोली जातीच्या आणि तिच्याशी रक्ताचा संबंध असलेल्या कुत्र्यांत एका जनुकदोषामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोहोचते आणि जीवावर बेतते. सापडलेल्या कुत्रीचे कूळ आपल्याला ठाऊक नसते. गायीच्या मात्रेचे औषध आठ-दहा किलोच्या जनावराला मोजून देणेही अवघड असते. ते टाळावे.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर सात वर्षांचा आहे. वर्षभरात तो जाड आणि सुस्त झाला. शेपटीचे केस जाऊन ती उंदराच्या शेपटीसारखी दिसते, मानेवरही पट्ट्याच्या जागी केस नाहीत. खाज अजिबात नाही. आम्ही त्याचे खाणे कमी केले आहे. बरोबर आहे ना? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : मध्यम वयाचा कुत्रा, दोन्ही बाजूंनी सारखे विरळ होणारे केस, उघडी शेपूट, वाढते वजन आणि खाजेचा अभाव, हे सर्व थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावल्याकडे बोट दाखवते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, डोबरमन या जातींत हा विकार बऱ्याचदा आढळतो. अशा कुत्र्याचे वजन खाणे न वाढताही वाढते, त्यामुळे केवळ खाणे तोडून ते उतरत नाही आणि कुत्रा विनाकारण उपाशी राहतो. रक्ताच्या तपासणीत केवळ टी-४ (थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक) पाहून निर्णय घेऊ नये; दुसरा कोणताही मोठा आजार असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तरी टी-४ कमी दिसतो, म्हणून त्याबरोबर टीएसएच (या ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) आणि शक्य असल्यास मुक्त टी-४ (रक्तातील प्रथिनांना न चिकटलेला टी-४) पाहावा. निदान पक्के झाल्यास लेव्होथायरॉक्सिनच्या गोळ्या जन्मभर द्याव्या लागतात. घरात कोणाला थायरॉइडची गोळी चालू असेल म्हणून तीच कुत्र्याला देऊ नये: कुत्र्याला दर किलोमागे लागणारी मात्रा माणसापेक्षा कितीतरी अधिक असते आणि ती रक्त तपासूनच ठरवावी लागते. कुत्र्याची तरतरी काही आठवड्यांत परत येते, परंतु केस भरायला चार ते सहा महिने लागतात. मधल्या काळात धीर सोडून औषध बंद करणारे लोक पुष्कळ भेटतात.

दवाखान्यात जाण्यापूर्वी घरी एक मोजमाप करावे. चोवीस तासांत तो किती पाणी पितो, हे लिहून ठेवावे. दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून, म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याने ३ लिटरहून अधिक पाणी प्यायले, वारंवार लघवी होऊ लागली आणि पोट लोंबले, तर कुशिंग या दुसऱ्या संप्रेरक-विकाराचाही विचार करावा लागतो. कानासाठी किंवा खाजेसाठी दीर्घकाळ दिलेल्या स्टेरॉइडनेही हीच स्थिती उद्भवते, म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांतील औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात.

प्रश्न : घराला लागून गोठा आहे. कुत्रा शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे चावत राहतो, तिथले केस गेले आहेत. अंगावर पिसवा फारशा दिसत नाहीत. आंब्याच्या फवारणीचे औषध शिल्लक आहे, ते पातळ करून लावले तर चालेल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : चालणार नाही. बागेसाठी बनवलेली कीटकनाशके झाडाच्या पानासाठी असतात. त्यांतील रसायने आणि विद्रावक कातडीतून शोषले जाऊन लाळ, कंप आणि झटके येऊ शकतात. डब्यावर कुत्र्यासाठीची मात्रा छापलेली नसते, ती कोणालाही अंदाजाने ठरवता येणार नाही.

पाठीच्या खालच्या भागावर आणि शेपटीच्या मुळाशी चावणे, हे पिसवांच्या ॲलर्जीचे नेहमीचे चित्र आहे. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते, आणि अशांना मोजक्याच पिसवा चावल्या तरी कित्येक दिवस खाज राहते. शिवाय असा कुत्रा दातांनी अंग विंचरून असतील त्या पिसवाही गिळून टाकतो, त्यामुळे त्या दिसत नाहीत. ओल्या पांढऱ्या कागदावर त्याचे केस विंचरावेत. काळे कण पडून त्यांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची रक्तमिश्रित विष्ठा आहे. त्याच्या विष्ठेत किंवा गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसत असतील तर पिसवांमार्फत होणारा पट्टकृमीही झालेला असतो, त्याचे औषध वेगळे मागून घ्यावे.

घरातील एकूण पिसवांपैकी कुत्र्याच्या अंगावर असतात त्या अगदी थोड्या. बाकी अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात पडवीच्या फटींत, गोणपाटात, गोठ्याच्या कडेच्या पेंढ्यात दडलेल्या असतात. कोष महिनोन्महिने निपचित राहू शकतो. म्हणून एकदा औषध लावून काम संपत नाही: निदान तीन महिने खंड न पाडता कुत्र्याला पिसवांचे औषध चालू ठेवावे, घरातल्या मांजरालाही त्याच्यासाठीचे औषध द्यावे, आणि झाडलोट करून कचरा जाळावा. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजराला प्राणघातक आहे. एकाची कुपी दुसऱ्याला वापरू नये. करंजेल तेलाचा वास पिसवांना नकोसा वाटत असेलही, परंतु ॲलर्जी असलेल्या कुत्र्यात तेवढ्याने भागत नाही. पाठीवरची जागा अचानक ओली, लालभडक आणि चिकट झाली, तर तो पावसाळ्यात हटकून दिसणारा कातडीचा तीव्र दाह आहे. त्या वेळी भोवतालचे केस कापून जागा कोरडी ठेवावी, तेल लावू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : माझ्या मुलीच्या दंडावर गोल चट्टा उठला, डॉक्टर नायटा म्हणतात. आमच्या कुत्र्याच्या नाकाजवळही केस तुटून गोल जागा झाली आहे. महिन्यापूर्वी मांजरीचे पिल्लू आणले होते. — एक वाचक, कुडाळ

उत्तर : तिघांनाही एकच बुरशी लागली असण्याची शक्यता आहे आणि मांजरीच्या पिल्लापासून सुरुवात झाली असावी, पिल्लांच्या अंगावर चट्टा न दिसताही मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी असू शकते. नाकाजवळचा चट्टा मातीतील बुरशीमुळेही होतो, विशेषतः कुत्र्याला बिळे उकरण्याची सवय असेल तर. जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली काही बुरशी हिरवट चमकते, सर्व चमकत नाहीत. म्हणून केसांचा नमुना संवर्धनासाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्यासाठी, पाठवणे चांगले, त्याचा निकाल यायला दोन ते तीन आठवडे लागतात. कुत्र्याला मायकोनाझोल व क्लोरहेक्सिडिन असलेल्या शाम्पूने आंघोळ आणि आवश्यक तर पोटातून इट्राकोनाझोल देतात. मांजरीच्या पिल्लाचीही तपासणी करावी, त्याला सोडून देऊ नये. ते दुसऱ्याच्या घरी तीच बुरशी नेईल. गळलेल्या केसांतील बीजाणू वर्षाहून अधिक काळ टिकतात, त्यामुळे आधी केस नीट झाडून गोळा करावेत आणि नंतर फरशी पातळ ब्लीचने पुसून दहा मिनिटे तशीच ओली ठेवावी. ब्लीच प्राण्यांच्या अंगावर कधीही लावू नये. मुलीसाठी दुकानातून मिळणारे स्टेरॉइडमिश्रित मलमही नको. त्याने लाली जाते आणि नायटा आतून पसरत राहतो.

प्रश्न : उन्हाळ्यात गरम होते म्हणून मे महिन्यात आमच्या पॉमेरेनियनचे केस अगदी बारीक कापून घेतले. आता सप्टेंबर आला तरी पाठीवर केस येत नाहीत. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दाट आतले केस असलेल्या जातींत कातरल्यानंतर वाढ थांबण्याचा हा प्रकार पशुवैद्यकांच्या ओळखीचा आहे. सहा ते बारा महिन्यांत, क्वचित त्याहून उशिरा, केस बहुधा परत येतात; तोवर उघड्या पाठीला दुपारच्या उन्हापासून जपावे. वर्ष उलटूनही केस न आल्यास थायरॉइड आणि कुशिंग तपासून घ्यावे. या केसांनी त्याला उकाडा होतो हा समज चुकीचा आहे. आतला मृत थर विंचरून काढला की हवा खेळते. कापण्याची गरज नसते.

प्रश्न : आमच्या कुत्रीला दोन महिन्यांपूर्वी सहा पिल्ले झाली. आता तिच्या अंगाचे केस झडून मूठमूठभर हाती येतात. कातडी स्वच्छ आहे, खाजवत नाही. — एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : बाळंतपण, मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया यांनंतर एक ते तीन महिन्यांनी पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन गळतात. कातडी निरोगी असेल तर त्यावर मलमाची गरज नाही. सहा पिल्लांना पाजलेल्या कुत्रीला नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट अन्न लागलेले असते आणि भात-आमटीवर ती ही झीज भरून काढू शकत नाही. अंडी, बिनमिठाचे उकडलेले ताजे मासे काटे काढून, कोंबडीचे मांस दिवसातून तीनदा विभागून द्यावे. सुकट किंवा खारवलेली मासळी तिला घालू नये. आई आणि पिल्ले सर्वांना जंतांचे औषध द्यावे. तीन-चार महिन्यांत नवे केस न दिसल्यास, अथवा मध्येच खाज, खपल्या किंवा चट्टे दिसू लागल्यास, कातडीचा नमुना तपासून घ्यावा.